मिरचीचा खोडवा: थंडीत झाड घरात घेऊन जगवलंय का कोणी?

सुगरणपक्षी | ३ ऑक्टोबर

मंडळी, मिनियापोलिसहून मदत हवीय. मेमध्ये सासरे आलेले आमच्याकडे, त्यांना रिकामं बसवत नाही, फ्रिजमधल्या हिरव्या मिरच्यांच्या पिशवीत दोन लाल होऊन गेलेल्या सापडल्या तर त्यांचं बी काढून पेपरवर वाळवलं आणि दह्याच्या डब्यांना भोकं पाडून लावून टाकलं. मी म्हटलं बाबा, इथे लोक मार्चमध्येच घरात रोपं करून ठेवतात, मेमध्ये बी लावून काय हाती लागणार. ते म्हणाले, येतंय गं, मिरचीच ती. आणि आली की! पण पहिलं फूल ऑगस्टच्या मध्यावर, आणि खाण्यासारखी मिरची पार सप्टेंबरात. आत्ता चार झाडं आहेत, गुडघ्याच्या वर गेलीत, फुलांनी नुसती भरलीत, आणि पुढच्या आठवड्यात रात्री ३२ फॅरनहाइटच्या (म्हणजे शून्य सेल्सिअसच्या) खाली जाणार म्हणतायत. जीव तुटतो हो.

गेल्या वर्षी एक हबानेरो मिरचीचं झाड होतं, ते तसंच्या तसं उचलून हॉलच्या खिडकीत आणून ठेवलेलं. नाताळपर्यंत अर्धी पानं गळाली, उरलेल्यांवर मावा, तिथून मनीप्लांटवर, मनीप्लांटवरून तुळशीवर. जानेवारीत सगळंच कचऱ्यात. तुळस गेली म्हणून सासूबाईंचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. त्यामुळे यंदा विचारून करतेय. दोन झाडं कुंडीत आहेत, दोन वाफ्यात. कोणी केलंय का?

बर्फाळ_बंड्या | ३ ऑक्टोबर

एडमंटनवरून हात वर. माझ्या एका थाई मिरचीचा हा चौथा हिवाळा. खोड अंगठ्याएवढं जाड झालंय आणि खाली साल अगदी लाकडासारखी.

तुमचं चुकलं ते हे की झाड पानांसकट आत घेतलंत. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, मिरचीला तो डिसेंबरमध्ये अंधारच. वर हीटर चालू, हवा कोरडी, म्हणजे झाडाला ना धड झोपता येत ना धड वाढता येत, आणि मावा अशाच झाडाची वाट बघत असतो. त्यामुळे झाडाला सरळ झोपवा.

छाटा. बिनधास्त छाटा. बुंध्यापासून वर गेलात की पहिलं बेचकं लागतं, तिथून दोन-तीन फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीवर बेचक्याच्या वर दोन डोळे (जिथून नवा फुटवा येतो त्या जागा) ठेवायचे, बाकी उडवायचं. उरलेला सांगाडा वीतभर दिसला पाहिजे. पानं सगळी काढायची. सगळी म्हणजे सगळी.

सुगरणपक्षी | ३ ऑक्टोबर

सगळी?? हिरवीगार आहेत हो. मग ते जगणार कशावर?

काळी_कसदार | ४ ऑक्टोबर

खोडात आणि मुळात साठवलेल्यावर. ताई, आम्ही नाशिककडचे, द्राक्षाचे. आमच्याकडे बाग वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. खरड छाटणी झालेली बाग शहरातल्या पाहुण्याला दाखवली तर तो म्हणतो अरेरे काय झालं, जळाली का. लहानपणी मलापण रडू यायचं. पण वेलीला हात लावायला घाबरणाऱ्याने द्राक्ष लावू नये असं आमचे आजोबा म्हणायचे. आणि उसाचा खोडवा तर तुम्ही ऐकलाच असेल, तोडून नेला तरी बुडखा राहतो आणि त्यातून परत फुटतो. तुमच्या मिरचीचं तसंच समजा.

दोन गोष्टी सांगतो. सिकेटर आधी स्पिरिटने पुसून घ्या, दर झाडानंतर परत पुसा, रोग कात्रीवरूनच फिरतो. आणि कट डोळ्याच्या अगदी बोडख्यावर घेऊ नका, अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर घ्या. फांदीचं टोक थोडं वाळत खाली येतंच, मग डोळा त्यात सापडतो.

अवांतर_मंडळ | ४ ऑक्टोबर

मूळ मुद्द्याला सोडून: आपण घरात जी मिरची खातो तिचं शास्त्रीय नाव कॅप्सिकम ॲनम, म्हणजे वर्षायू. १७५३ साली लिनियसने ठेवलं. आता स्वीडनमध्ये बसून मिरची लावली तर ती एका वर्षातच जाणार ना! मुळात ते बहुवर्षायू झुडूप आहे, थंडी मारते म्हणून लोक वर्षायू म्हणतात. हबानेरोची गंमत याहून भारी, तिचं नाव कॅप्सिकम चायनेन्स, म्हणजे चिनी, का तर १७७६ मध्ये नाव देणाऱ्याला वाटलं ती चीनची. आहे अमेरिकेतली. एकूण मिरचीच्या बाबतीत नाव ठेवणाऱ्यांचं काही खरं नाही.

म्युनिककर | ४ ऑक्टोबर

बंड्याने वरचं सांगितलं, मी जमिनीखालचं सांगतो कारण लोक तिथेच मार खातात.

बागेतली माती घरात आणायची नाही. त्यात किड्यांची अंडी असतात, चिलटांच्या अळ्या असतात, आणि कुंडीत ती माती दगडासारखी बसते. वाफ्यातलं झाड खोडापासून वीतभर लांब गोल फावड्याने कापून उचला, बादलीत कोमट पाण्यात बुडवा, हाताने हलवत माती सोडवा. मुळांचा गड्डा दिसला की त्यातला खालचा आणि बाजूचा साधारण तिसरा हिस्सा कापा. वर इतकं कमी केलंय तर खाली एवढ्या मुळांना काम काय? मग छोट्या कुंडीत, कोकोपीट आणि पर्लाईट असलेल्या नव्या पॉटिंग मिक्समध्ये. छोटी कुंडी महत्त्वाची, मोठ्या कुंडीत ओल महिनाभर हटत नाही आणि मुळं सडतात. कुंडीतल्या झाडांचंही हेच करा, आहे त्या कुंडीत तशीच नका ठेवू.

मग खोडाला साबणाचा फवारा, बेचक्यात, सालीच्या खाचांत, नीट. नर्सरीत मिळतो तो कीटकनाशक साबण आणा. भांड्यांचं लिक्विड नको, ते डिटर्जंट असतं.

जागा: मी आमच्या इमारतीच्या तळघरात ठेवतो, १० ते १३ डिग्री सेल्सिअस. तुमच्या भाषेत ५० ते ५५. तिथे पानं नसलेल्या झाडाला उजेडाचीही गरज नाही. खत अजिबात नाही. पाणी दोन-तीन आठवड्यांनी, कपभर.

(माझ्याकडे रोकोटो जातीच्या मिरचीचं एक झाड आहे. बी काळं, फूल जांभळं, पानांवर लव. त्याला गारवा आवडतो, नोव्हेंबरपर्यंत बाल्कनीत मजेत असतो. फ्रॉस्ट मात्र त्यालाही चालत नाही. विषय निघाला म्हणून सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं, ठाऊक आहे.)

गच्चीवरची_ताई | ५ ऑक्टोबर

पुण्याहून, आमच्याकडे बेसमेंट नाही आणि फ्रॉस्टही नाही त्यामुळे मला बोलायचा हक्क नाही पण बोलतेच. माझी गच्चीवरची मिरची तीन वर्षं चाललीय. आपल्याकडे झाड थंडीने नाही जात, बोकड्याने जातं, म्हणजे पानं आकसायच्या रोगाने. तेव्हा छाटायच्या आधी पानं बघून घे गं. वर वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिडे, खाली वळून देठ लांब झाले असतील तर कोळी, म्हणजे ती बारीक कीड. हे दोन्ही पानं काढल्यावर, धुतल्यावर जाऊ शकतात. पण पानं बारीक, पिवळी, सगळा शेंडाच गोळा होऊन बसलाय आणि झाड खुजं राहिलंय असं असेल तर तो व्हायरस, पांढरी माशी आणते. त्याला औषध नाही. ते झाड कितीही लाडकं असलं तरी आत आणू नको.

आणि मिरच्यांचं काय करणारेस? ज्यांनी रंग धरायला सुरुवात केलीय त्या कागदी पिशवीत केळ्याबरोबर ठेव, लाल होतील. पार हिरव्या नाही व्हायच्या, त्यांची सांडगी कर. ऊन नसेल तर डिहायड्रेटरमध्ये होते, माझी बहीण करते.

सुगरणपक्षी | ९ ऑक्टोबर

झालं बाई. काल रात्री फ्रॉस्टची वॉर्निंग होती, दुपारी सुट्टी टाकून केलं. सव्वा दोन पाउंड मिरच्या निघाल्या. पानं काढताना नखं हिरवी झाली, आणि मिरच्या चिरून झाल्यावर मी शहाणीने डोळ्याला हात लावला.

बर्फाळ_बंड्या | ९ ऑक्टोबर

पाण्याने धुतलंत ना? उपयोग नसतो, तिखट पाण्यात विरघळत नाही. हाताला आधी गोडंतेल चोळा आणि मग साबण. डोळ्याला अर्थातच पाणीच, आणि सहनशक्ती.

सुगरणपक्षी | ९ ऑक्टोबर

तीन झाडांचे बोडके सांगाडे केले. क्रमांक एक, दोन, तीन असं मास्किंग टेपवर लिहून बेसमेंटमध्ये वॉटर हीटरपासून लांब, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलीत, तिथे थर्मामीटर ५४ दाखवतो. चौथं मात्र नाही छाटवलं. म्हणजे थोडं छाटलं, वरचे शेंडे. ते सासऱ्यांचं सगळ्यात पहिलं उगवलेलं, व्हिडिओ कॉलवर रोज विचारतात, त्यांना सांगाडा कुठल्या तोंडाने दाखवू? ते हॉलमध्ये ठेवलंय, वर एलईडी लावलाय. ओरडू नका.

काळी_कसदार | १० ऑक्टोबर

ओरडत नाही. हसतोय.

म्युनिककर | १० ऑक्टोबर

हॉलमध्ये ठेवणंही एक रीत आहे, चूक नाही. फक्त मग ते जागं झाड आहे हे लक्षात ठेवा. दिवा १२ ते १४ तास, टायमर लावून, शेंड्यापासून फूटभर वर. पाणी जास्त लागेल. आणि पानांची खालची बाजू दर आठवड्याला बघायची. रोज बघितलीत तरी चालेल, कारण मावा येणारच.

सुगरणपक्षी | २१ नोव्हेंबर

मावा आला. मातीवर चिलटंही उडतायत.

बर्फाळ_बंड्या | २१ नोव्हेंबर

चिलटं म्हणजे पाणी जास्त होतंय. वरची दोन इंच माती कोरडी होऊ दे, पिवळे चिकट सापळे लाव. तरी नाही गेली तर बीटीआयच्या गोळ्या मिळतात, डासांसाठी पाण्यात टाकतात त्याच, त्या पाण्यात भिजवून ते पाणी द्यायचं. अळ्या मरतात. माव्याला सिंकमध्ये आडवं धरून स्प्रेने धू, मग साबण, पाच दिवसांनी परत. एकदाच करून थांबलीस तर काही उपयोग नाही.

घाटी_मसाला | २२ नोव्हेंबर

आम्ही निंबोळी तेल मारलं होतं घरात. मावा गेला. बायकोपण जाणार होती वासाने.

सुगरणपक्षी | ३० नोव्हेंबर

एक गंमत. थंडी सुरू झाली की इथे लेडीबग घरात घुसतात, ते नारिंगी-लाल ठिपकेवाले, खिडकीच्या फटीत शेकड्याने बसतात, दरवर्षी व्हॅक्युमने ओढते मी. या वेळी मुलीने त्यातले चार-पाच कागदावर घेऊन मिरचीवर सोडले. संध्याकाळी बघतो तर एकजण पानाच्या शिरेवरून चालत चालत एकेक मावा खात होता, गवंडी वीट तपासत जावा तसा. मावा संपला नाही पण निम्म्यावर आला. व्हॅक्युम सध्या बंद.

अवांतर_मंडळ | १ डिसेंबर

घरात मिरची, मिरचीवर मावा, माव्यावर भुंगा. ताई, आता फक्त पाल हवी.

सुगरणपक्षी | १४ जानेवारी

वाईट बातमी. तीन नंबर गेलं बहुतेक. बाहेर उणे वीस आणि मी आठवडाभर कामासाठी डॅलसला, तर नवऱ्याने "बिचारी तहानली असतील" म्हणून तिन्ही सांगाड्यांना भरपूर पाणी दिलं, एकदा नाही, रोज. आल्यावर बघते तर तीन नंबरच्या बुंध्याशी काळं पडलंय आणि कुबट वास. बाकी दोन काड्याच दिसतायत, जिवंत आहेत की नाहीत हेच कळत नाही.

काळी_कसदार | १४ जानेवारी

नखाने खोडाची साल थोडी खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली येऊन परत खरवडा. वरून वाळलं तरी खाली हिरवं असू शकतं, घाईने फेकू नका. काळं आणि पिचपिचीत असेल तर मात्र मूळच गेलं.

एक आणि दोन कुंडीतून अलगद काढून वर्तमानपत्रावर ठेवा एक रात्र, ओल शोषू दे. मग कोरड्या मिक्समध्ये. पाणी द्यायच्या आधी कुंडी उचलून बघायची सवय लावा, हलकी लागली तरच द्यायचं. नवऱ्याला कुंडी उचलायला लावा आणि झारी लपवा.

सुगरणपक्षी | १५ जानेवारी

एक: हिरवं. दोन: वरचा इंचभर तपकिरी, खाली हिरवं!! तीन: गेलं. नवरा दोन दिवस तोंड पाडून आहे. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, पाणी जास्त झालं तर मरतंच, त्याला लहानपणी पण कळायचं नाही.

गच्चीवरची_ताई | १५ जानेवारी

😂 बाबांचा एक धागा काढा इथे.

सुगरणपक्षी | १६ फेब्रुवारी

आणि चौथं. कबूल करते. चार महिने दिवा, साबण, लेडीबग, सगळं केलं. झाड उंच आणि लुकडं झालंय, पानं फिकट, दोन फुलं आली ती गळाली, मावा दर पंधरा दिवसांनी परत. हॉलमध्ये त्याच्यामुळे टीपॉय ठेवता येत नाही. काल रात्री सगळे झोपल्यावर सिकेटर घेतला आणि बेचक्याच्या वर दोन डोळ्यांवर आणलं. पाच मिनिटं लागली. ऑक्टोबरात हेच केलं असतं तर.

बर्फाळ_बंड्या | १६ फेब्रुवारी

स्वागत आहे. पहिलं झाड कोणीच नीट छाटत नाही, मीपण माझं पहिलं वाचवत वाचवतच मारलं.

आता फेब्रुवारी संपता संपता बेसमेंटमधली वर आणा, ७० फॅरनहाइटच्या आसपास, दिव्याखाली. पाणी थोडं वाढवा, पण पानं आल्यावरच. पानं नाहीत तर पाणी पिणार कोण?

सुगरणपक्षी | ११ मार्च

आले!!! एक नंबरला बेचक्याच्या खाली, जुन्या लाकडातून, मोहरीएवढे हिरवे ठिपके. सहा मोजले. दोनला अजून काही नाही. चौथ्याला मात्र आधीच पानं, त्याने बाजी मारली.

म्युनिककर | ११ मार्च

सगळे ठेवू नका. वाढू दे दोन इंच, मग चार-पाच दणकट आणि चहूबाजूंना जाणारे फुटवे ठेवून बाकीचे चिमटून टाका. आता मोठी कुंडी, आणि दुसरी-तिसरी पानांची जोडी आली की अर्ध्या ताकदीचं खत. आणि कोवळ्या पालवीवर मावा परत येईल, तयारीत राहा.

जास्वंद | १२ मार्च

मी मेलबर्नची, वाचनमात्र होते इतके दिवस. आमचं सगळं उलटं, आत्ता कुठे मिरच्या लाल होतायत. आमच्या भागात फ्रॉस्ट क्वचितच पडतो पण हिवाळ्यात झाडं नुसती कुढत बसतात. मी पण छाटू का? कधी?

बर्फाळ_बंड्या | १२ मार्च

खाऊन घ्या आधी सगळ्या. मेच्या शेवटी-जूनमध्ये छाटा. गॅरेज असेल तर उत्तम.

सुगरणपक्षी | १९ मे

उतावळेपणा नडला. शनिवारी छान ८० होतं म्हणून तिन्ही झाडं थेट अंगणात, दिवसभर उन्हात. संध्याकाळी पानांवर पांढरे चट्टे, कागदासारखे. रोगबिग आहे का?

काळी_कसदार | १९ मे

ऊन लागलंय. दिव्याखाली वाढलेलं पान आहे ते, उन्हाची सवय नाही. पहिले दोन-तीन दिवस सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन तासभर, असं वाढवत आठ-दहा दिवस. भाजलेली पानं तशीच राहू दे, नवी येतील ती ठीक येतील. आणि रात्र ५५ च्या खाली जात असेल तर आत घ्या. तुमच्याकडे मेअखेरपर्यंत भरवसा नसतो ना?

सुगरणपक्षी | १९ मे

नसतोच. इथली जुनी माणसं मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आधी मिरची-टोमॅटो लावत नाहीत, आता कळलं का ते.

सुगरणपक्षी | १२ जून

हिशोब देते. एक नंबरला काल पहिलं फूल. गेल्या वर्षीपेक्षा दोन महिने आधी! शेजारी मुद्दाम मार्चमध्ये बियांपासून केलेलं रोप लावलंय, ते अजून वीतभर आहे आणि फुलाचं नाव नाही. दोन नंबर एका अंगाने वाळलं होतं त्यामुळे तिरकं वाढतंय, पण वाढतंय. चौथं सगळ्यात मागे, एकंदर लुकडंच आहे, त्याने हिवाळाभर स्वतःलाच खाल्लं असं वाटतं.

कॉलवर सासऱ्यांना एक नंबर दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, खोड जाड झालंय, आता बांबू लाव नाहीतर वाऱ्याने बेचक्यात फाटेल. लावला. मग विचारलं, पहिलं उगवलेलं कुठंय? तेव्हा सगळं सांगितलं. म्हणाले, अगं मग ऑक्टोबरातच छाटायचं ना, मला काय विचारायचं त्यात.

घाटी_मसाला | १२ जून

🙏🙏

जास्वंद | १४ जून

मी आज छाटली. दोन झाडं, बेचक्याच्या वर दोन डोळे, पानं सगळी. मुलगा विचारतोय झाडाला टक्कल का केलं. गॅरेजमध्ये ठेवलीत. ते टेम्परेचर सेल्सिअसमध्ये किती म्हणाला होतात, वर शोधायचा कंटाळा आलाय.

म्युनिककर | १४ जून

१० ते १३. आणि झारी लपवा.